गटाचा कॅमेरा आणि दुसरी लेन्स



गेल्या आठवड्यात एका बचत गटाच्या सचिवताईंचा फोन आला. त्यांच्या गटाने दोन वर्षांपूर्वी कॅनन १५०० डी हा कॅमेरा घेतला. गटातल्या दोघीजणी बारशाचे, डोहाळजेवणाचे, साखरपुड्याचे फोटो काढतात आणि गटाच्या पापड-लोणच्याच्या लेबलांसाठीही तोच कॅमेरा वापरतात. आता लग्नसराईच्या आधी दुसरी लेन्स घ्यायची म्हणून पैसे बाजूला काढलेत, आणि तिथेच अडलंय. एका दुकानदाराने सांगितलं, लांबचं दिसणारी मोठी लेन्स घ्या, गिऱ्हाइकावर छाप पडते. कुणाचा पुतण्या म्हणाला, पन्नासची घ्या, मागचं सगळं धूसर होऊन फोटो सिनेमासारखा येतो. बैठकीत दोन तट पडले. ताई म्हणाल्या, "पैसे सगळ्यांचे आहेत हो. चुकलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

ही चूक मी केलेली आहे, म्हणून आजचा विषय हाच घेतला.

आधी लेन्सवरचे आकडे वाचायला शिकू. कॅमेऱ्यासोबत जी लेन्स येते तिला किट लेन्स म्हणतात. तिच्यावर १८-५५ लिहिलेलं असतं. हे मिलिमीटर आहेत. १८ वर कडी ठेवली की खूप रुंद दिसतं, सगळी खोली मावते. ५५ वर नेली की तेवढाच भाग जवळ येतो. दुसरा आकडा ३.५-५.६ असा असतो. तो उजेडाचा. लेन्सच्या आत एक भोक असतं, ते लहानमोठं होतं. हा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं आणि उजेड जास्त. किट लेन्स १८ वर ३.५ पर्यंत उघडते, पण ५५ वर नेली की ५.६ च्या पलीकडे उघडतच नाही. म्हणजे चेहरा जवळ घ्यायला जावं तसतसा उजेड कमी. संध्याकाळच्या बारशाला फोटो हलतात ते यामुळे. हात थरथरतोच असं नाही.

आता माझी गोष्ट सांगते. आमच्याकडे निकॉन डी ३५०० होता. शहरातल्या एका दुकानात ५० मिलिमीटर, एफ १.८ अशी जुनी लेन्स स्वस्तात मिळाली. कॅमेऱ्यावर टक्कन बसली. फोटोही निघाला, कारण दुकानात मी फोकस हाताने फिरवून बघितला होता आणि ऑटोफोकसचं मला सुचलंच नाही. दोन दिवसांनी बारसं होतं. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, मागून बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि मी कडी फिरवतेय, फिरवतेय, फोकस काही लागेना. लागला तेव्हा आत्या उठून उभी राहिली होती. तो क्षण त्या घराला मी परत कुठून आणून देणार?

कारण नंतर कळलं. निकॉनच्या स्वस्तातल्या कॅमेऱ्यांत, म्हणजे डी ३००० पासून डी ३५०० पर्यंतच्या आणि डी ५००० पासून डी ५६०० पर्यंतच्या मालिकेत, फोकस फिरवणारी मोटर कॅमेऱ्यात नसते. ती लेन्समध्ये असावी लागते. लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेलं असेल तर मोटर आत आहे. नुसतं 'एएफ' आणि शेवटी 'डी' असेल तर नाही. आणखी एक खूण म्हणजे त्या जुन्या लेन्सवर एफचे आकडे कोरलेली फिरती कडी असते. 'एएफ-पी' म्हणून नवी जातही आहे. ती डी ३५०० वर उत्तम चालते, पण डी ३१०० सारख्या जुन्या कॅमेऱ्यावर तिचा ऑटोफोकस चालत नाही. कॅननवाल्यांना मोटरची चिंता नाही. 'ईएफ' आणि 'ईएफ-एस' या दोन्ही प्रकारच्या लेन्स १५०० डी सारख्या कॅमेऱ्यावर बसतात आणि फोकसही करतात. मात्र आता या कंपन्यांचं लक्ष मिररलेस कॅमेऱ्यांकडे गेलंय. त्यांच्या लेन्स, म्हणजे कॅननच्या 'आरएफ' आणि निकॉनच्या 'झेड', आपल्या कॅमेऱ्यावर बसतच नाहीत. दुकानात नवीकोरी म्हणून कुणी पुढे केली तर ही अक्षरं बघा.

आता कुठली घ्यायची? सचिवताईंना मी म्हटलं, दुकानदाराला विचारू नका, पुतण्याला नको, मलाही नको. तुमच्याच जुन्या फोटोंना विचारा. कॅमेऱ्यातले फोटो संगणकावर घ्या. एका फोटोवर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज' उघडा, त्यात 'डिटेल्स' बघा. फोटो कितीवर काढला ते 'फोकल लेंथ'समोर लिहिलेलं असतं. भोक किती उघडं होतं, शटर किती वेळ उघडं राहिलं, तेही तिथेच असतं. एक वही घ्या. मागच्या तीन-चार कार्यक्रमांतले जे फोटो गिऱ्हाइकाने पसंत केले त्यांचे आकडे एका पानावर आणि जे हलले, अंधारे आले, काढून टाकावे लागले त्यांचे दुसऱ्या पानावर. संगणक घरी नसेल तर गावातल्या सेवा केंद्रात तासभर बसा. गटाच्या हिशेबाची वही लिहिणाऱ्या बाईला हे काम अवघड नाही.

वाया गेलेल्या फोटोंच्या पानावर ४५, ५०, ५५ असे आकडे जास्त असतील आणि शटर १/१५, १/२० असं दिसत असेल, तर पन्नासची लेन्स तुमच्या कामाची आहे. हिशेब सांगते. किट लेन्स तिथे ५.६ वर अडते, पन्नासची १.८ पर्यंत उघडते. दोन्हींच्या उजेडात जवळजवळ दहापट फरक पडतो. जिथे १/१५ सेकंद लागत होता तिथे १/१५० सेकंदाच्या आसपास काम होतं. डोहाळजेवणाच्या झोपाळ्यावर हलकेच झुलणारी बाई स्वच्छ येते. कॅननची 'ईएफ ५० एफ १.८ एसटीएम' आणि निकॉनची 'एएफ-एस ५० एफ १.८ जी' या त्यांच्या स्वस्त लेन्समध्येच मोडतात, आणि वजनाला फार नाहीत.

पण पन्नासचा घोळ असा की ती झूम होत नाही, आणि आपल्या कॅमेऱ्यांवर ती बरीच अरुंद दिसते. कॅमेरा आडवा धरून दहा फुटांवरून बघितलं तर किट लेन्स १८ वर साडेबारा फूट रुंदीची भिंत दाखवते. पन्नासची फक्त साडेचार फूट दाखवते. उभी बाई डोक्यापासून पायापर्यंत घ्यायची तर कॅमेरा उभा धरूनही चौदा फूट मागे जावं लागतं. आपल्या घरांतल्या माजघरात चौदा फूट मागे गेलं तर आपण चुलीपाशी पोचतो! म्हणून घ्यायच्या आधी एक दिवस किट लेन्सची कडी ५० वर ठेवून तिच्यावर चिकटपट्टी लावा आणि घरभर फोटो काढा. गुदमरल्यासारखं झालं तर ३५ वर चिकटवून बघा. निकॉनवाल्यांसाठी 'डीएक्स ३५ एफ १.८ जी' ही लेन्स आहे, ती दहा फुटांवरून साडेसहा फुटांहून थोडं जास्त दाखवते. घरातल्या कार्यक्रमांना मला स्वतःला तीच जास्त बरी वाटते.

पुतण्या म्हणतो ते धूसर मागचं दृश्य खरं आहे, पण त्याची किंमत असते. १.८ वर जवळून चेहरा घेतला तर एक डोळा स्पष्ट येतो आणि दुसरा पुसट होऊ शकतो. तीन रांगांचा गटफोटो १.८ वर काढला तर पुढची रांग नीट, आणि मागे उभ्या असलेल्या काकू धुक्यात. त्यांनाच नेमका तो फोटो फ्रेम करून हवा असतो. गटफोटोला ५.६ किंवा ८ वर या.

वहीतल्या वाया गेलेल्या पानावर सगळीकडे १८ आणि २० च असतील तर मात्र पन्नासच्या लेन्सने काही होणार नाही. कॅननची २४ मिलिमीटर एफ २.८ ही छोटी लेन्स आहे, पण किट लेन्स २४ वर साधारण ४ पर्यंत उघडतेच, म्हणजे मिळतो फक्त दुप्पट उजेड. तेवढ्यासाठी गटाचे पैसे घालवू नयेत असं माझं मत आहे. आधी कॅमेऱ्यातला आयएसओ १६०० किंवा ३२०० वर नेऊन बघा. थोडे दाणे दिसतात, पण चार बाय सहाच्या प्रिंटवर ते कुणाला कळत नाही. मग वरून लावायच्या फ्लॅशचा विचार करा. त्याचं तोंड छताकडे वळवायचं, उजेड वरून पसरून येतो. छत पांढरं हवं. केशरी कापडाच्या मांडवात हेच केलं तर नवरा-नवरी हळदीआधीच पिवळे होतात.

दुकानदाराची मोठी लेन्स, म्हणजे ५५-२५० किंवा ७०-३००, वाईट नाही. शाळेच्या मैदानावरचे खेळ, बैलगाडा शर्यत, कुस्त्यांचा फड, उन्हातलं काहीही लांबचं असेल तर तिला तोड नाही. पण तीसुद्धा लांब नेली की ५.६ किंवा ६.३ वर येते. रात्रीच्या स्नेहसंमेलनात, पडद्यासमोर नाचणाऱ्या पोरींवर ती हात टेकते. कंपनीवाले 'आयएस' किंवा 'व्हीआर' अशी अक्षरं दाखवतात. त्याने आपला हात हललेला सावरला जातो, समोर पळणारं पोर नाही. निकॉनची एएफ-पी ७०-३०० व्हीआरसह आणि व्हीआरशिवाय अशी दोन्ही मिळते. घ्यायचीच तर अक्षरं बघून व्हीआरवाली घ्या.

लोणच्याच्या बरणीसाठी, पापडासाठी नवी लेन्स नकोच. किट लेन्स २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस करते. कॅननच्या पन्नासच्या लेन्सला ३५ सेंटिमीटर लागतात, निकॉनच्या पन्नासला ४५. बरणी खिडकीजवळ ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा करा, कडी ५५ वर, भोक ८ वर. गोधडीचा फोटो १८ वर कधीही काढू नका, तिच्या कडा फुगलेल्या दिसतात आणि गिऱ्हाइकाला शिवण वाकडी वाटते.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. जाताना आपला कॅमेरा आणि एक टॉर्च घेऊन जा. लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे. कितीही स्वस्त असली तरी ठेवून द्या. थोडी धूळ चालते. मग आपल्या कॅमेऱ्यावर लावा, ऑटोफोकसवर जवळचं, लांबचं, परत जवळचं असं आठ-दहा वेळा फोकस करून बघा. माझ्यासारखं हाताने नको! शेवटी एफ १.८, ५.६ आणि १६ वर एकेक फोटो काढा, म्हणजे भोक उघडझाप करतंय की अडकतंय ते कळेल. पावती गटाच्या नावाने घ्या आणि परत घेण्याची मुदत तिच्यावर लिहून घ्या.

घरी आणल्यावर ती बुरशी आपल्याच लेन्सला लागू नये म्हणून सांगते. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या मैत्रिणींनी तर पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवूच नये. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि दोन-चार दिवसांनी लेन्स बाहेर काढून वापरा. आणि बायांनो, काच पदराने पुसू नका. पदराला पिठाचा, मिठाचा, मातीचा कण असतो आणि काचेवर ओरखडा उमटतो. हवेचा छोटा फुगा मिळतो, त्याने आधी धूळ उडवायची, मग चष्म्याचं मऊ फडकं फिरवायचं.

सचिवताईंचा परवा पुन्हा फोन आला. दोघींनी बसून वही केली. वाया गेलेले निम्म्याहून जास्त फोटो ५० ते ५५ मधले निघाले, सगळे संध्याकाळचे, सगळे चेहऱ्यांचे. दोन दिवस चिकटपट्टी लावूनही बघितली. अंगणात आणि मांडवात ५० जमतं, घरात गर्दी झाली की परत किट लेन्स लावावी लागेल, हे त्यांनी बैठकीत सांगितलं आणि दोन्ही तटांनी सह्या केल्या. येत्या बाजारच्या दिवशी त्या तालुक्याला जाणार आहेत. मी म्हटलं, टॉर्चचे सेल बदललेत ना? त्या म्हणाल्या, "बदललेत ताई, आणि कॅमेऱ्याची बॅटरी पण चार्जिंगला लावलीय."