मावठ आणि रामगढचा तलाव

भूमध्य समुद्राकडून पूर्वेस सरकणाऱ्या, ‘पश्चिमी विक्षोभ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादळी प्रणालींमुळे जयपूर परिसरात हिवाळ्यात जो पाऊस पडतो, त्यास तेथे ‘मावठ’ म्हणतात. तो गव्हाला तारतो आणि गारपीट झाल्यास फुलावर आलेली मोहरी आडवी करतो, परंतु त्याने तलाव भरत नाहीत, कारण वर्षातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. जयपूरजवळच्या, बाणगंगा नदीवरील रामगढ तलावात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील रोइंगच्या, म्हणजे वल्ह्यांनी नाव हाकण्याच्या, शर्यती हिवाळ्याच्या तोंडावर झाल्या. जयपूरला पाणी पुरवणारा हाच तलाव पुढे कोरडा पडला. पाणलोट क्षेत्रात, म्हणजे जेथील पाणी तलावात उतरते त्या भूभागात, झालेली अतिक्रमणे व अडवलेले ओढे पाहता ही हानी केवळ अपुऱ्या पावसाच्या माथी मारता येत नाही.