कोशिका-संचलन

कोशिका-संचलन : सजीव कोशिकेने (पेशीने) आपला आकार बदलत एका जागेहून दुसऱ्या जागी सरकण्याच्या क्रियेस कोशिका-संचलन म्हणतात. डबक्यातील अमीबा, जंतूंचा पाठलाग करणारी श्वेत कोशिका आणि जखमेच्या कडेने आत सरकून ती भरून काढणारी त्वचेची कोशिका ही या क्रियेची परिचित उदाहरणे होत. श्वेत कोशिकेचा वेग मिनिटाला सु. १० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिलिमीटरचा सहस्रांश भाग) असतो.

कोशिका-कंकाल : कोशिकेच्या अंतर्भागात प्रथिनांच्या तंतूंचा सांगाडा असतो. त्यात ॲक्टिनाचे सूक्ष्मतंतू (जाडी सु. ७ नॅनोमीटर), केराटिनासारखे मध्यम तंतू (सु. १० नॅनोमीटर) आणि सूक्ष्मनलिका (सु. २५ नॅनोमीटर) असे तीन प्रकार आढळतात. घराच्या वाशांप्रमाणे हा सांगाडा कायमचा नसतो. गरजेनुसार तो एकीकडे सुटतो व दुसरीकडे बांधला जातो.

क्रियेचे टप्पे : कोशिकेच्या अग्रभागी ॲक्टिनाचे रेणू जोडले जाऊन तंतू वाढतात व पटलास पुढे रेटतात. पुढे आलेला भाग इंटेग्रिन या पटलातील प्रथिनांच्या योगे आधारास चिकटतो. नंतर मायोसिन ॲक्टिनाचे तंतू ओढते, मागील बंध सुटतात व कोशिका पुढे सरकते.

नियमन : बाहेरील रासायनिक संदेश पटलावरील ग्राहींमार्फत आत पोहोचतात. तेथे ऱ्हो, रॅक व सीडीसी-४२ ही प्रथिने खटक्यासारखे कार्य करतात. जीटीपी या रेणूशी बद्ध असता ती कार्यान्वित होतात आणि त्याचे जीडीपीत रूपांतर झाले की थांबतात. रॅकमुळे अग्रभागी रुंद पापुद्रे, सीडीसी-४२ मुळे बोटांसारखे बारीक प्रवर्ध आणि ऱ्होमुळे आकुंचनक्षम जुडगे निर्माण होतात. सीडीसी-४२ चा संदेश ॲक्टिनापर्यंत नेणारे प्रथिन जन्मतः सदोष असल्यास (व्हिस्कॉट-ऑल्ड्रिच विकार) श्वेत कोशिका नीट सरकू शकत नाहीत. अशा मुलांना वारंवार संसर्ग होतो.

कर्करोगाशी संबंध : कर्करोगाने होणारे बहुसंख्य मृत्यू मूळ गाठीपेक्षा रोगाच्या प्रसारामुळे होतात. तंबाखूच्या सेवनामुळे महाराष्ट्रात मुखाचा कर्करोग विशेष आढळतो व त्याच्या कोशिका बहुधा प्रथम मानेतील लसीका ग्रंथींत पोहोचतात. निरोगी मुखाच्या अस्तरात सामान्यतः न आढळणारी केराटिन ८ व १८ ही प्रथिने या अर्बुदांत आढळतात. रायगड जिल्ह्यातील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत मुखकर्करोगाच्या प्रयोगशाळेत वाढविलेल्या कोशिकांतील केराटिन ८ कमी केले असता इंटेग्रिनाच्या संदेशवहनात बदल झाला आणि कोशिकांचे संचलन व आक्रमण घटले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मध्यम तंतू केवळ आधार देत नसून संदेशवहनातही भाग घेतात, हे यावरून स्पष्ट होते. [→ कर्करोग].

तथापि संचलन सरसकट रोखणे हा यावरील उपाय ठरत नाही. ज्या यंत्रणेने कर्करोग पसरतो, तिनेच जखम भरते आणि जंतूंचा प्रतिकारही होतो. म्हणून रोगट कोशिकेपुरताच असलेला फरक ओळखणे हे या संशोधनाचे मुख्य उद्दिष्ट आहे.