कोऱ्या रकान्याची किंमत

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी पोलादपूर तालुक्यातून मुंबईला वाचा-उपचार शिकायला गेले, तेव्हा आमच्या वाडीत या शिक्षणाला नावच नव्हतं. ‘मुक्या मुलांना बोलायला शिकवणार आहे,’ एवढंच आई शेजारपाजारी सांगायची. पुढची सगळी वर्षं मी याच कामात काढली, आधी शिकत आणि मग शिकवत. आज मागे वळून पाहताना मला पदवीचा दिवस आठवत नाही. आठवतं ते लॉगबुकचं एक पान.

दुसऱ्या वर्षाचा जुलै होता. गावी गेले होते आणि सावित्रीच्या पुरामुळे वाट बंद झाली. तीन दिवस मुंबईला पोचता आलं नाही. वर्गात मैत्रिणीने माझी प्रॉक्सी लावली. परत आल्यावर कमी हजेरीच्या डिफॉल्टर यादीच्या भीतीने मी क्लिनिकच्या लॉगबुकमध्ये न झालेली दोन सेशन्स लिहून टाकली. साडेचार वर्षांचा मुलगा होता, ‘काका’ला ‘ताता’ म्हणणारा. मी लिहिलं, शब्दाच्या सुरुवातीचा ‘क’, दहापैकी आठ वेळा बरोबर.

क्लिनिकच्या पर्यवेक्षक मॅडमनी पान वाचलं आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या त्याच्या आईला आत बोलावलं. ती कळव्याहून दोन्ही दिवस लोकलने येऊन, वाट बघून परत गेली होती. ती रागावली नाही. म्हणाली, “ताई, येणार नव्हतात तर निरोप तरी द्यायचा. मी कामावर खाडा केला.”

माझे ते तास कापले गेले, आणि ते योग्यच होतं. पण त्या लिहिलेल्या ‘आठ’चा अर्थ मॅडमनी नंतर समजावला, तो शिक्षेहून जड होता. मूल दहापैकी साधारण आठ वेळा बरोबर बोलू लागलं की आपण पुढची पायरी घेतो: सुटा ध्वनी, मग शब्द, मग वाक्य, मग गप्पा. खोटा आकडा त्या मुलाला न चढलेल्या पायरीवर उभं करतो. तिथे तो चुकतो, आणि मोठी माणसं म्हणतात, मुलगाच लक्ष देत नाही. खोटं माझं, दोष त्याच्या माथी.

आपल्याकडे हे शिक्षण तसं तरुण आहे. पहिले अभ्यासक्रम साठच्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत उभे राहिले. १९८३ मध्ये मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आली. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक बळ मिळालं आणि नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणं गुन्हा ठरलं. एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आज पदवी चार वर्षांची आहे, त्यातलं शेवटचं वर्ष पूर्ण इंटर्नशिपचं. हजेरी, क्लिनिकचे तास, पर्यवेक्षकाची सही ही चौकट त्यातून घट्ट होत गेली. तिच्यामागचं कारण साधं आहे. ऐकण्याच्या कामात कान पुस्तकाने तयार होत नाही. अडखळणाऱ्या माणसासमोर गप्प कधी राहायचं, पक्षाघाताने वाचा गेलेल्या आजोबांना शब्द कधी पुरवायचा नाही, हे समोर बसूनच कळतं.

नक्कल करून चालत नाही, तेही याचमुळे. एका मुलाचा लेसन प्लॅन दुसऱ्याच्या फाइलमध्ये उतरवला की मूल हरवतं. पोलादपूरच्या वाड्यांमधून कित्येक घरांत आईवडील मुंबईला चाकरीला आणि नातवंडं आजीपाशी. त्या मुलाला सफरचंदाचं चित्र दाखवून काय मिळणार? त्याच्या तोंडात नाचणी, कोयता, वासरू असतं. कातकरी वाडीवरच्या मुलाची तर घरची बोलीच वेगळी. ती कुणी विचारून घेतली नाही, तर तिच्यातला नेहमीचा उच्चारही दोष म्हणून नोंदवला जातो.

२०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम आणले. प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांच्या पुढे गेलं की दुरुस्ती, ६० च्या पुढे गेलं तर नोंदणीच रद्द.   नियमांचं मी स्वागत केलं. पण सॉफ्टवेअर उसनी वाक्यं पकडतं. न झालेलं सेशन पकडत नाही. आता तर यंत्राकडून एका मिनिटात नीटनेटकी केस हिस्टरी लिहून मिळते, शब्द कुणाचेच चोरलेले नसतात, आणि ते मूल कुणी पाहिलेलंही नसतं.

कागद आणि प्रत्यक्ष यांतलं हे अंतर आमच्या शेजारच्या महाडला कुणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, हा मुंबई विधिमंडळातला बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचं ठरवलं. तरी चवदार तळ्याचं पाणी अस्पृश्यांसाठी बंदच राहिलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसं तळ्यापर्यंत चालत गेली, तेव्हा त्या ठरावात अर्थ आला. जोखीम पत्करून जागेवर हजर राहण्याची ही थोर परंपरा आहे. आमच्या छोट्या कामाने तिच्याकडून एवढं तरी घ्यावं.

मग २०२० आलं, कोविड घेऊन. वर्ग मोबाइलवर गेले. प, ब, म हे ओठांचे ध्वनी मास्कमागे दिसेनात. घाटातल्या मुली रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसत आणि हजेरी मात्र लॉगिनवर मोजली जाई. वर्षभराने, २२ जुलै २०२१ ला, महाड पुरात बुडालं. तळियेत दरडीखाली ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही दरड आली.

माझी एक इंटर्न त्या दिवसांत पोलादपूरकडे घरी अडकली होती. फोन बंद, वीज नाही. ती परतली ती आठवड्याहून जास्त दिवसांनी. तिने लॉगबुक पुढे ठेवलं. प्रत्येक तारखेसमोर एकच ओळ होती: ‘पूर. सेशन झालं नाही.’ आकड्यांचे रकाने कोरे. शेवटी तिने लिहिलं होतं, परत आल्यावर कुणाकुणाच्या पालकांना फोन केला.

इतक्या वर्षांत मला पटलेली गोष्ट ही: पावसाला सवलत असावी, खोट्या नोंदीला नसावी. आणि दुसरी पाळायची तर पहिली द्यावीच लागते. कोकणातल्या मुलीला ‘येता आलं नाही’ म्हणणं परवडत नसेल, तर ती ‘आले होते’ लिहील. मीही तेच लिहिलं होतं.

तिचे तास आम्ही दिवाळीच्या सुट्टीत भरून घेतले. त्या कोऱ्या रकान्यांखाली मी सही केली. आजवर केलेल्या सह्यांमधली ती मला सर्वांत खरी वाटते.