समाजमाध्यमांचे दप्तर कोणी जपायचे?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला आरंभीच साधनांची ओळख करून दिली जाते: शिलालेख, ताम्रपट, नाणी, सनदा, बखरी, पत्रव्यवहार. वि. का. राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालिकेचे २२ खंड सिद्ध केले. त्या परिश्रमांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु अशा जुन्या कागदांत बोलतो कोण? ज्याच्या हाती लेखणी, मोहोर आणि वतन होते, तो. शेतात राबणारा किंवा गावकुसाबाहेर राहणारा माणूस त्यांत आलाच, तर बहुधा वेठीच्या, तंट्याच्या वा दंडाच्या नोंदीत येतो, आणि तीही दुसऱ्याच्या हस्ताक्षरात.

समाजमाध्यमांनी ही स्थिती बदलली. आज शेतमजूर स्त्री, रिक्षाचालक, वसतिगृहातील विद्यार्थी हे सारे स्वतःच्या बोलीत लिहितात, गातात, छायाचित्रे टाकतात. आणि प्रत्येक नोंदीला दिवस व वेळ आपोआप जोडली जाते. सामान्य माणसाने स्वतः निर्माण केलेले एवढे विपुल साधन पूर्वीच्या कोणत्याही कालखंडाला लाभले नव्हते. म्हणूनच त्याला सांस्कृतिक वारसा मानून अभिलेखागारांत स्थान द्यावे, हा विचार जगभर रुजत आहे. युनेस्कोने डिजिटल वारशाच्या जतनाची सनद २००३ साली स्वीकारली, तेव्हा फेसबुकचा जन्मही झालेला नव्हता.

‘इंटरनेटवर एकदा टाकले की ते कायमचे राहते’ हा समज सार्वत्रिक आहे, पण तो खरा नाही. कागद ट्रंकेत विसरला गेला तरी पन्नास वर्षांनी वाचता येतो. विद्युतनोंद विसरली गेली की नाहीशी होते. भारतात एके काळी घरोघरी पोहोचलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यांतील असंख्य हौशी कलावंतांच्या चित्रफिती एका रात्रीत प्रेक्षकांपासून तुटल्या. मायस्पेस या संकेतस्थळाने २०१९ साली मान्य केले, की सर्व्हर बदलताना २०१५ पूर्वीचे संगीत नष्ट झाले. ती गाणी सुमारे ५ कोटी असावीत असे तेव्हा सांगण्यात आले. त्यांपैकी सुमारे ४ लाख ९० हजार पुढे हाती लागली, कारण काही अभ्यासकांनी स्वतःच्या संशोधनासाठी त्यांच्या प्रती आधीच काढून ठेवल्या होत्या. कंपनीचे गोदाम म्हणजे अभिलेखागार नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

मग शासनाने वा मोठ्या ग्रंथालयाने सर्वच जपावे काय? हा प्रयोग होऊन गेला आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने एप्रिल २०१० मध्ये ट्विटरशी करार करून २००६ पासूनची सर्व सार्वजनिक ट्वीट आपल्याकडे घेण्याचे जाहीर केले. जानेवारी २०१३ पर्यंत सुमारे १७० अब्ज ट्वीट जमा झाली. अवघ्या १४० अक्षरांच्या एका ट्वीटसोबत ५० हून अधिक तपशील येत असत: वेळ, खाते, कोणाला दिलेले उत्तर, इत्यादी. साधे पडद्याचे छायाचित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, आणि अभिलेख यांत फरक पडतो तो या तपशिलांमुळे. तपशिलाविना नोंद म्हणजे तारीख आणि सही फाटून गेलेले पत्र. मात्र या साठ्यात एकच शोध घ्यायला २४ तास लागू शकत. अखेर डिसेंबर २०१७ मध्ये ग्रंथालयाने जाहीर केले, की १ जानेवारी २०१८ पासून फक्त निवडक ट्वीट घेतली जातील. ट्वीटचे वाढते प्रमाण आणि त्यांची वाढलेली लांबी ही कारणे होतीच; शिवाय ग्रंथालयाला केवळ मजकूर मिळत होता, चित्रे नव्हेत. एवढे करून तो साठा अभ्यासकांना खुला झालाच नाही. अमाप धान्य कोठारात भरून दाराला कुलूप लावावे, तसे हे झाले.

आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो तो याच देशातील दुसरा प्रयत्न. ९ ऑगस्ट २०१४ रोजी मिसूरी राज्यातील फर्ग्युसन या गावी (पुण्याच्या महाविद्यालयाशी या नावाचा संबंध नाही) मायकेल ब्राऊन हा १८ वर्षांचा नि:शस्त्र कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मरण पावला. त्याचे शव सुमारे चार तास रस्त्यावर पडून होते. ही वार्ता देशभर पसरवण्यात तेथील रहिवाशांच्या ट्वीटचा मोठा वाटा होता. बर्जिस ज्यूल्स व एड समर्स या दोन अभिलेखतज्ज्ञांनी ओळखले, की हे इतिहासाचे साधन आहे. आणि ट्विटरच्या शोधव्यवस्थेतून साधारण मागील एका आठवड्याचीच ट्वीट मिळत असल्याने हातात वेळ नाही. ऑगस्ट महिन्यातच १ कोटी ३० लाखांहून अधिक ट्वीट संकलित झाली. यातूनच ‘डॉक्युमेंटिंग द नाऊ’ हा प्रकल्प उभा राहिला.

या मंडळींनी संकलनापाशी न थांबता एक अवघड प्रश्न विचारला: ज्यांनी हे लिहिले, त्यांची संमती कोठे आहे? मोर्चात उभे राहून संतापाने लिहिलेल्या दोन ओळी कायमच्या जपल्या जाव्यात, असे त्या मुलीला वाटते काय? प्रश्न केवळ सभ्यतेचा नव्हता. जिओफीडिया नावाची कंपनी समाजमाध्यमांवरील नोंदी पोलिसांना पुरवत होती आणि निदर्शकांवर पाळत ठेवण्यासाठी त्यांचा उपयोग होत होता, हे २०१६ साली उघड झाले. अन्यायाचा पुरावा म्हणून जपलेला कागद अन्याय सोसणाऱ्याच्याच विरोधात पुढे येऊ शकतो. म्हणून या प्रकल्पाने असा आग्रह धरला, की संबंधित समाजाला सोबत घ्यावे, काय ठेवायचे आणि काय वगळायचे हे त्याच्याशी बोलून ठरवावे.

येथे एक तांत्रिक बाब सांगणे अगत्याचे आहे. ट्विटरच्या नियमांनुसार संकलित मजकूर जसाच्या तसा इतरांना वाटता येत नसे; केवळ प्रत्येक ट्वीटचा क्रमांक देता येई. अभ्यासकाने त्या क्रमांकांवरून मूळ मजकूर पुन्हा मिळवायचा. दरम्यान कोणी आपले ट्वीट पुसले असेल, तर ते परत येत नसे. इतिहासकाराला ही हानी वाटेल. परंतु लिहिणाऱ्याचा माघार घेण्याचा अधिकार त्यामुळे शाबूत राहत होता, आणि आमच्या मते तोच अधिक मोलाचा. पुढे २०२३ साली कंपनीने ही विनामूल्य सोय बंद केली आणि क्रमांकांच्या त्या याद्या सामान्य अभ्यासकासाठी जवळजवळ निरुपयोगी झाल्या.

लोकांचे बोल लोकांसह जपण्याचे उदाहरण महाराष्ट्रात इंटरनेटच्या प्रसारापूर्वीच घडू लागले होते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. आज हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयात पाहता-ऐकता येतो. ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे. ती केवळ ‘लोकपरंपरा’ म्हणून अनामिक राहिली नाही. समाजमाध्यमांच्या जतनाला हाच नमुना आम्ही सुचवू.

हे काम मोठ्या संस्थांवरच सोपवावे असे नाही. निवासी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट हेही दप्तरच आहे. पहिल्या पगाराची बातमी, घरातल्या पहिल्या पदवीधराचे छायाचित्र, गुरुजींच्या निधनानंतर लिहिलेल्या आठवणी, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची चित्रफीत हे अन्य कोणत्या दफ्तरात मिळणार? गटातील संभाषण बाहेर काढून मजकुराच्या फाइलीत ठेवण्याची सोय त्या अ‍ॅपमध्ये आहे. फेसबुकही आपल्या खात्याची माहिती उतरवून घेऊ देते. तथापि गटातील प्रत्येकाला आधी विचारावे, नको म्हणणाऱ्याच्या नोंदी गाळाव्यात, फोन क्रमांक काढून टाकावेत, आणि लहान मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीखेरीज घेऊ नयेत. प्रत्येक छायाचित्राला प्रसंग, स्थळ, वर्ष आणि संमती असल्यास व्यक्तींची नावे जोडावीत. हे काम आज तासाभराचे आहे, तीस वर्षांनी ते कोणालाच जमणार नाही. दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात. ग्रंथपालांनी वर्षातून एकदा त्या उघडून पाहाव्यात आणि हार्ड डिस्क जुनी झाली की नवीवर उतरवून, तारखेसह नोंदवहीत तसे लिहावे.