विश्लेषण : मुन्नारच्या चहामळ्यांतील कामगारांना हक्काचे घर का नाही?

मुन्नारला जाऊन आलेल्या जवळपास प्रत्येकाच्या फोनमध्ये एक छायाचित्र असते : कातरून ठेवल्यासारखे हिरवे डोंगर, वर धुके आणि मधोमध पत्र्याच्या छपरांची लांब ओळ. ही ओळ म्हणजे ‘लयम’, मळ्यातील कामगारांच्या खोल्या. पिढ्यान् पिढ्या तिथे राहूनही त्यांतील एकही खोली कामगाराच्या नावावर नसते.

हे मळे आले कुठून?

मुन्नार केरळच्या इडुक्की जिल्ह्यात. १८७७ मध्ये जॉन डॅनियल मन्रो या ब्रिटिशाने पूंजार राजघराण्याकडून कण्णन देवन डोंगर भाडेपट्ट्याने घेतले. कॉफी आणि सिंकोना लावून पाहिल्यावर अखेर चहाने जम बसवला. माल खाली नेण्यासाठी १९०२ मध्ये एकरुळी गाडी आली, पुढे छोटी रेल्वे. टॉप स्टेशनवरून चहाच्या पेट्या रज्जुमार्गाने तमिळ मुलखात उतरत. १९२४ च्या महापुरात ही रेल्वे उद्ध्वस्त झाली, ती पुन्हा उभी राहिली नाही. आता टॉप स्टेशनला दरी दिसते, स्टेशन नाही.

कामगार कोण?

दक्षिण तमिळ भागातून आणलेली, बहुतांश दलित कुटुंबे. ‘कंगाणी’ म्हणजे मुकादम गावोगाव उचल देऊन माणसे जमवी. आपल्याकडच्या ऊसतोडीची आठवण व्हावी अशीच ही पद्धत. डोंगरात वस्तीच नव्हती, म्हणून मळेवाल्यांनी बैठ्या चाळींसारख्या खोल्या बांधल्या.

मग घर त्यांचे का होत नाही?

कारण ते नोकरीला बांधलेले आहे. १९५१ च्या मळे कामगार कायद्याने मालकावर घर देण्याची जबाबदारी टाकली, मात्र निवृत्तीनंतर ते सोडावे लागते. खोली टिकवायची तर घरातील कोणीतरी मळ्यात कामाला लागायचे, हाच मार्ग उरतो. बाहेर घर बांधायला स्वतःची जमीनही नाही. केरळने १९७१ च्या कायद्याने कण्णन देवनची जमीन ताब्यात घेतली, पण लागवडीखालचे क्षेत्र कंपनीकडेच राहिले. २००५ मध्ये टाटा टीने मळे चालवणे सोडले आणि कामगारांचे समभाग असलेली नवी कंपनी आली. कागदावर कामगार भागधारक झाले, खोलीचा नियम तोच राहिला.

आवाज उठला नाही का?

उठला, आणि तो बायकांनी उठवला. सप्टेंबर २०१५ मध्ये बोनस २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आल्यावर पाने खुडणाऱ्या हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. तेव्हा दिवसाची मजुरी २३२ रुपये होती. त्यांनी संघटनांच्या पुढाऱ्यांनाही जवळ येऊ दिले नाही. ‘पेम्बिलै ओरुमै’, म्हणजे स्त्रियांची एकजूट, हे नाव तेव्हाचे. नऊ दिवसांनी २० टक्क्यांची तडजोड झाली. ५०० रुपये मजुरीची मागणी नंतर ३०१ वर थांबली.

पेट्टिमुडीत काय घडले?

६ ऑगस्ट २०२० च्या रात्री पावसात डोंगर खचून लयमच्या ओळींवर आला. वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. बाहेर बातमी पोहोचली ती सकाळी. ७० जणांचा बळी गेला. वाचलेल्या आठ कुटुंबांसाठी कुट्टियार व्हॅलीत सरकारने जागा दिली आणि कंपनीने घरे बांधली.