सब्जा कोरडा खाऊ नका, आधी भिजवा!

उन्हाळा लागला की लिंबू सरबतात, फालुद्यात सब्जा दिसू लागतो. अनेक जण त्याला अंगणातल्या तुळशीचं बी समजतात. प्रत्यक्षात पिझ्झ्यावर ज्याची पानं घालतात, त्या बेसिलचं हे बी. काढ्यात पडते ती तुळस त्याच कुळातली, पण जात निराळी.

पाण्यात पडताच या काळ्या दाण्याभोवती बुळबुळीत आवरण धरतं. त्यात तंतुमय घटक असतात, त्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं आणि पोट साफ व्हायलाही मदत होते. ग्लासाला एक चमचा सब्जा पुरतो. तो १५ ते २० मिनिटं भिजू द्यावा. घाईत कोरडाच तोंडात टाकणं मात्र धोक्याचं, कारण दाणे घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतात. लहान मुलांना आणि गिळायला त्रास होणाऱ्या ज्येष्ठांना तर भिजवलेलाही जपूनच द्यावा.

वजन उतरवण्याचे दावे फारसे मनावर घेऊ नयेत. सरबतात तीन चमचे साखर असेल, तर बिचारा सब्जा काय करणार? रक्त पातळ करण्याची किंवा मधुमेहाची औषधं सुरू असतील, तर रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.