घाट, सायकल आणि वर्गणी

आपल्या गावात सायकल कशाला लागते? दुधाच्या किटल्या डेअरीवर पोचवायला, दळण आणायला, पोरांना शाळेत जायला. सायकल चालवून दवाखान्यासाठी पैसा उभा करता येतो असे कोणी सांगितले, तर तुम्ही हसाल. मीही हसलो होतो.

माझा एक जुना विद्यार्थी कॅनडा देशात कॅलगरी शहरी नोकरीला आहे. एका उन्हाळ्यात त्याचा फोन आला. म्हणाला, "गुरुजी, मी चार दिवस सायकलवरून डोंगर पार करणार आहे. दोनशे नव्वद किलोमीटर. कर्करोग झालेल्या लहान मुलांसाठी पैसे जमवतोय." मी म्हटले, "अरे, सायकल तू मारणार आणि पैसे लोकांनी द्यायचे? ज्याला द्यायचेत त्याने सरळ द्यावेत. तुझ्या पायांना शिक्षा कशाला?" तो म्हणाला, "जाऊन आलो की सांगतो."

तो जाऊन आला. त्याने जे सांगितले आणि मी मागाहून जे वाचले, ते येथे लिहितो.

कॅनडा हा देश अमेरिकेच्या उत्तरेला लागून आहे. त्याच्या पश्चिम भागात रॉकी नावाची मोठी पर्वतरांग उभी आहे. या रांगेत बॅन्फ आणि जॅस्पर अशी दोन राष्ट्रीय उद्याने शेजारी शेजारी आहेत. उद्यान म्हटले की आपल्याला फुलझाडांची बाग आठवते. तसे हे नाही. सरकारने राखून ठेवलेला हा सबंध मुलूख आहे. डोंगर, नद्या, अरण्य, जनावरे, सगळे त्यात आले. तेथे शिकार करता येत नाही, लाकूडतोडीचा धंदा करता येत नाही. बॅन्फची सुरुवात १८८५ साली झाली. कॅनडातले ते पहिले राष्ट्रीय उद्यान. जॅस्पर १९०७ सालचे. दोन्ही मिळून सुमारे १७,५०० चौरस किलोमीटर भरतात. आपला सबंध अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, साधारण एवढाच आहे. यावरून अंदाज करा.

जॅस्पर गावातून निघून बॅन्फ गावापर्यंत जाणारा रस्ता आहे. त्याचा मोठा भाग एका जुन्या मंदीत तयार झाला. १९३० नंतर तिकडे फार बेकारी माजली होती. सरकारने १९३१ साली बेकारांना हातात कुदळ-फावडे देऊन या कामावर लावले. १९४० साली रस्ता खुला झाला. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून कितीतरी रस्ते झाले, त्यातलाच हा प्रकार. आज देशोदेशीचे लोक मुद्दाम हा रस्ता पाहायला येतात.

वाटेत दोन मोठ्या खिंडी लागतात. दोन्ही २,००० मीटरांच्या वर आहेत. आपल्या महाराष्ट्रातले सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही साडेतीनशे मीटर वर सायकल न्यायची, खाली उतरायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकेच वर जायचे.

हे माणसाच्या पायांना कसे जमते? त्याचे मर्म गिअरमध्ये आहे. ते समजून घेऊ या. आपल्या साध्या सायकलला पायडलापाशी एक मोठे दातेरी चाक असते आणि मागच्या चाकाला एक लहान. दोघांवरून चेन फिरते. समजा, पुढच्या चाकाला ४८ दाते आहेत आणि मागच्याला १६. मग पायडल एकदा फिरले की मागचे चाक तीनदा फिरते. सपाट रस्त्यावर हे ठीक. पण चढावर तीन फेऱ्यांचा भार एका दमात ओढायचा म्हणजे गुडघे बोलू लागतात. गिअरच्या सायकलला मागे लहानमोठी पुष्कळ दातेरी चाके असतात. चढ आला की चेन मोठ्या चाकावर सरकवायची. पुढे ३० दाते आणि मागेही ३० दाते असले, तर पायडल एकदा फिरवल्यावर चाक एकदाच फिरते. पाय हलका पडतो. मात्र तेवढेच अंतर कापायला पाय तिप्पट वेळा फिरवावा लागतो. पोते एकदम माळ्यावर चढवण्याऐवजी पायली पायली करून धान्य वर न्यावे, तसे हे आहे. धान्य तेवढेच वर जाते, पण पाठ मोडत नाही.

दुसरी गोष्ट पोटाची. अंगात साठवलेली झटपट ताकद जोराच्या श्रमात सुमारे दोन तास पुरते. ती संपली की पाय एकाएकी गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून भूक लागण्याची वाट पाहायची नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाने केळे, सुका मेवा, पावाचा तुकडा, असे काहीतरी तोंडात टाकायचे. आपले बिगारी लोक कामावर जाताना कंबरेला भाकरी का बांधतात, ते अशा वेळी कळते.

तिसरी गोष्ट थंडीची. चढताना माणूस घामाने भिजतो. माथ्यावरून सायकल उताराला लागली की तोच घाम वाऱ्याने बर्फासारखा गार होतो. बोटे बधिर झाली तर ब्रेक दाबता येत नाही, आणि उतारावर ब्रेक न लागणे म्हणजे काय ते सांगायला नको. त्या उंचीवर भर उन्हाळ्यातही एखादे दिवशी बर्फ पडते. म्हणून माथ्यावर थांबून कोरडा कपडा चढवायचा आणि मग उतरायचे. जुने सायकलवाले छातीशी वर्तमानपत्राचा कागद घालीत. त्याने वारा अडतो. ही युक्ती आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे दूध घालणाऱ्यांनीही करून पाहावी.

आणि अस्वले! या मुलखात काळी अस्वले आहेत आणि त्यांहून मोठी ग्रिझली अस्वले आहेत. सायकलचा आवाज होत नाही आणि ती वेगाने येते. वळणावर अस्वल आणि माणूस एकदम समोरासमोर आले तर अस्वल बिचकते, आणि बिचकलेले अस्वल अंगावर येते. म्हणून वळण आले की मोठ्याने बोलायचे, हाका मारायच्या, गाणे म्हणायचे. माझा विद्यार्थी म्हणतो की तो पाढे म्हणत होता. शाळेत असताना याच मुलाला एकोणतीसचा पाढा येत नसे! प्रत्येकाजवळ मिरचीच्या अर्काचा फवारा असतो. तो हाताशी ठेवायचा, पिशवीच्या तळाशी नाही. रात्री तंबूत खाण्याची वस्तू ठेवायची नाही. ती लोखंडी पेटीत बंद करायची. जनावराला कधीही खाऊ घालायचे नाही. माणसाच्या हातचे खायची चटक लागली की जनावर रस्त्यावर येते आणि एक दिवस गाडीखाली जाते. बॅन्फमधून जाणाऱ्या हमरस्त्याला तर दोन्ही बाजूंनी कुंपण घातले आहे, आणि जनावरांना रस्ता ओलांडता यावा म्हणून वरून सहा पूल बांधले आहेत. पुलांवर माती टाकून झाडे लावली आहेत. खालून भुयारी वाटाही आहेत. या उपायांनी तेथील जनावरांचे अपघात ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले.

आता फेरीकडे येऊ. फेरी भरवणारी संस्था उद्यानाच्या अधिकाऱ्यांची परवानगी काढते. पुढे-मागे मोटारी असतात. सायकल दुरुस्त करणारा मिस्त्री असतो. मलमपट्टी करणारे असतात. ठरलेल्या ठिकाणी चहापाण्याची टेबले मांडलेली असतात. ही मंडळी बहुतेक फुकट राबतात. जो सायकल चालवणार तो आधी ओळखीच्या लोकांकडे जाऊन शब्द घेतो. कोणी ठराविक रक्कम देतो. कोणी किलोमीटरमागे इतके सेंट, असा करार करतो. शंभर सेंटांचा एक डॉलर होतो.

माझ्या विद्यार्थ्याच्या कचेरीत एक बाई त्याच्या शेजारी बसे. तिच्या सहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. मुलीचे केस गेले होते. आई दिवसा काम करी आणि रात्री दवाखान्यात बसे. हे रोज पाहून याने नाव नोंदवले. चार महिने सराव केला. कचेरीच्या दारावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने किलोमीटरमागे पंचवीस सेंट द्यायचे कबूल केले. दोनशे नव्वद किलोमीटरांचे साडेबहात्तर डॉलर होतात. पहारेकऱ्याला ती रक्कम लहान नव्हती.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी खिंडीच्या अलीकडचा उभा चढ लागला आणि आभाळ फाटले. पाऊस, त्यात बर्फाचे कण. याची बोटे कामातून गेली. दातांवर दात वाजू लागले. मागची गाडी आली, आतल्या बाईने दार उघडले आणि हा मुकाट्याने आत बसला. गाडीने दहा किलोमीटर वर नेऊन सोडले. तेथे अथाबास्का नावाची हिमनदी आहे. हिमनदी म्हणजे साठून साठून घट्ट झालेल्या बर्फाची नदी. ती अतिशय हळू सरकते. हल्ली ती वितळून मागे मागे हटते आहे. सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटर हटली. कोणत्या साली बर्फ कोठपर्यंत होते, ते दाखवणाऱ्या सालाच्या पाट्या वाटेवर लावल्या आहेत. तो म्हणाला, "गुरुजी, त्या पाट्यांपाशी मी गरम सूप पीत उभा होतो आणि मला रडू येत होते. लोकांना मी काय सांगणार?"

कपडे बदलून तो पुन्हा सायकलवर बसला. तिसऱ्या दिवशीची खिंड त्याने स्वतः पार केली. चौथ्या दिवशी बॅन्फला पोचला. ते गाव साधारण आपल्या महाबळेश्वरच्या उंचीवर आहे. कॅलगरीला परतल्यावर ज्यांनी शब्द दिला होता त्या प्रत्येकाला त्याने सांगितले की मी दोनशे ऐंशी किलोमीटर चाललो, दहा किलोमीटर गाडीत बसलो. बहुतेकांनी हात झटकून म्हटले, "असू दे रे." आणि पूर्ण पैसे दिले. पहारेकऱ्याने मात्र कागदावर आकडेमोड केली आणि बरोबर सत्तर डॉलर मोजून दिले. मला तो पहारेकरी आवडला. कष्टाच्या मापाने द्यायचे ठरले होते, तर माप खरे हवे.

येथेच मला माझ्या प्रश्नाचे उत्तर थोडेसे मिळाले. मी मुख्याध्यापक असताना शाळेच्या एका खोलीसाठी वर्गणी मागत दारोदार फिरलो आहे. मागणारा नुसता तोंडाने मागतो तेव्हा देणारा त्याच्याकडे संशयाने पाहतो. मागणाऱ्याने स्वतः आधी काही सोसले असेल, तर त्याच्या मागण्याला वजन येते. कॅनडात हे टेरी फॉक्स या तरुणाने सगळ्या देशाला दाखवले. हाडाच्या कर्करोगाने १९७७ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १९८० च्या एप्रिलमध्ये तो कृत्रिम पाय लावून पूर्व किनाऱ्यावरून धावत निघाला. देशातल्या प्रत्येक माणसाने कर्करोगाच्या संशोधनाला एक डॉलर द्यावा, एवढेच त्याचे मागणे होते. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. मग रोग फुफ्फुसात गेल्याचे कळले आणि त्याला थांबावे लागले. १९८१ च्या जूनमध्ये, तेविसावे वर्ष पुरे होण्याआधी, तो वारला. त्यापूर्वी देशाच्या लोकसंख्येइतके, म्हणजे २ कोटी ४० लाखांहून अधिक डॉलर जमा झाले होते. तो रॉकी पर्वतापर्यंत पोचू शकला नाही. त्याच पर्वतात, जॅस्परच्या पश्चिमेला, एका शिखराला त्याचे नाव दिले आहे.

असे असले तरी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फेरी भरवायला खर्च येतो. जेवण, मुक्काम, गाड्या, विमा. जमलेल्या शंभर डॉलरांतले किती रोग्यापर्यंत जातात, हे विचारायचा देणाऱ्याला हक्क आहे. काही ठिकाणी सायकलवालेच आपला खर्च वेगळा भरतात, काही ठिकाणी दुकानदार तो उचलतात, आणि काही ठिकाणी तो वर्गणीतूनच जातो. कॅनडात नोंदलेल्या धर्मादाय संस्थेला सरकारी क्रमांक असतो आणि तिचा वार्षिक हिशेब कोणालाही पाहता येतो. आपल्याकडे १९५० च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत होते. तेव्हा वर्गणी देताना पावती घ्या, आणि पावतीवर नोंदणी क्रमांक आहे का ते वाचा. आता तुम्हाला वाचता येते. "पावती मागाहून पाठवतो" असे म्हणणाऱ्याला "मग पैसेही मागाहून देतो" असे सांगायला हरकत नाही.

२०२४ च्या जुलैत जॅस्परच्या अरण्यात वणवा पेटला. आग गावात शिरली आणि गावातल्या सुमारे एक तृतीयांश इमारती जळाल्या. जेथून फेरी निघाली होती त्या गल्लीचे काय झाले, याचा माझा विद्यार्थी पुष्कळ दिवस शोध घेत होता.

त्या मुलीचे औषधपाणी संपले असून केस पुन्हा आले आहेत. ती शाळेत जाते. अजून काही वर्षे तपासण्या चालतील. विद्यार्थ्याने पुन्हा नाव नोंदवले आहे. या खेपेस तो हातमोज्यांचे दोन जोड नेणार आहे. पहारेकऱ्याने दर तोच ठेवला आहे. म्हणाला, "साडेबहात्तर तयार ठेवतो. गाडीत बसलास तर पुन्हा मोजू."